गिझर किती लिटरचा? आधी बादल्या मोजा!

"वहिनी, घरात माणसं किती?" दुकानदाराने विचारलं.

"पाच," मी म्हटलं. बोटांवर मोजूनही दाखवली. सासूबाई, सासरे, आमचे हे, मुलगी आणि मुलगा.

शेजारी उभी असलेली माझी लेक फिस्सकन हसली. "अगं आई, आणि तू? तू काय आंघोळ करत नाहीस?"

मीही हसले, दुकानदारही हसला. पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. घरासाठी गिझर घ्यायला मीच गेले होते, पैसेही मीच भिशीतून साठवलेले, आणि माणसं मोजताना मीच स्वतःला वगळलं होतं!

ही गोष्ट २०२१ सालची. त्या वर्षी २२ जुलैला आमच्या महाडात सावित्री आणि गांधारीचं पाणी शिरलं, ते कुणीच विसरू शकत नाही. चवदार तळ्यापासून चार पावलांवर आमचं घर. खालच्या मजल्यावर छातीइतकं पाणी. दोन दिवसांनी खाली उतरलो तर भांडी, गाद्या, वह्या, सगळं चिखलात. स्विचबोर्डांतून गाळ निघत होता. गिझर तेवढा भिंतीवर उंच होता म्हणून कोरडा राहिला. यांनी लगेच बटण दाबायला हात पुढे केला, तेव्हा आमचा नेहमीचा वायरमन अक्षरशः ओरडला, "साहेब, हात लावू नका! आधी वायरिंग आणि अर्थिंग तपासू द्या." म्हणून मैत्रिणींनो, पहिली गोष्ट तीच सांगते. पुराचं पाणी घरात येऊन गेलं असेल तर वरून कोरडं दिसणारं उपकरणही तपासल्याशिवाय चालू करू नका.

त्या आठवड्यात माळ्यावरचा सासूबाईंचा तांब्याचा बंब खाली उतरला. सरपण ओलं, मग मिळतील त्या फळ्या वाळवून जाळल्या. दिवसभर चिखल उपसून आलेल्या माणसाला संध्याकाळी एक बादली कढत पाणी मिळालं की त्याचा चेहरा कसा खुलतो, ते तेव्हा पाहिलं. गरम पाणी ही चैन नाही, हे मला त्या दिवसांत कळलं.

वायरिंग नवीन झालं, आणि दिवाळीच्या तोंडावर जुना गिझरही बदलायचं ठरलं. तो पुराने बिघडला नव्हता. तो आधीपासूनच चुकीचा होता.

स्वस्तातला तीन लिटरचा

जुना गिझर तीन लिटरचा, 'इन्स्टंट' म्हणतात तो. घेतला तेव्हा आम्ही दोनच गोष्टी पाहिल्या होत्या, किंमत कमी आणि बटण दाबल्याबरोबर गरम पाणी. पावसाळ्यात, उन्हाळ्यात बरा चालायचा. डिसेंबर उजाडला की मात्र रोज सकाळी मोरीबाहेर रांग. नळाची धार मोठी केली तर पाणी कोमट, गरम हवं तर धार करंगळीएवढी. एक बादली भरायला दहा-बारा मिनिटं लागायची. सासूबाई पाचलाच उठणार, देवपूजेआधी त्यांची आंघोळ. मग सासरे, मग मुलांच्या शाळा, मग यांचं ऑफिस. माझा नंबर लागेपर्यंत आठ वाजलेले. तोवर कुणीतरी म्हणायचंच, "अगं, किती वेळ चालू आहे तो गिझर, बंद कर, बिल येतंय." मी बंद करायची आणि दोन तांबे अंगावर घेऊन पोलादपूरची एस.टी. गाठायला पळायची.

कुणी मला गरम पाणी घेऊ नको म्हटलं नव्हतं, हेही खरं. उलट सगळे म्हणायचे, "तूही घे की!" पण घेणार कधी?

या वेळी मी दुकानातून काहीही न घेता परत आले. वायरमनला बोलावलं, पुढ्यात चहा ठेवला आणि म्हटलं, "दादा, मी आर्ट्‌सची. मला हिशोब सोप्या भाषेत समजावून सांगा." त्यांनी सांगितलं, मी वहीत लिहिलं, मुलीने विज्ञानाच्या पुस्तकावरून आकडे पडताळले. ती वही आजही माझ्याजवळ आहे. तीच तुमच्यापुढे उघडते.

विसणाचं गणित

गिझरमधलं पाणी साधारण ६० अंशांपर्यंत तापतं. ते कुणी तसंच अंगावर घेत नाही. आपण विसण घालतो. अंगाला सोसवणारं पाणी ४० अंशांच्या आसपास असतं, आणि टाकीतलं पाणी एरवी २५ अंश धरा. म्हणजे १८ लिटरच्या आंघोळीच्या बादलीत गिझरचं पाणी जेमतेम ८ लिटर जातं, बाकीचं विसण. थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांवर आलं की तेच ९ लिटर होतं.

आता हिशोब सोपा झाला. एकदा पूर्ण तापलेला १० लिटरचा गिझर एक बादली देऊन थोडा उरतो. १५ लिटरचा साधारण दोन बादल्या देतो, २५ लिटरचा तीन. (तळातून गार पाणी शिरत असतं, त्यामुळे शेवटचं पाणी थोडं कोमट येणारच. तेवढी तूट धरून चाला.)

पण गिझर एकदाच तापून थांबत नाही ना! बादली काढली की आतली कॉइल पुन्हा कामाला लागते. टाकीवाल्या गिझरची कॉइल बहुतेक २ किलोवॅटची असते. १० लिटर पाणी ती बारा मिनिटांत तापवते, १५ लिटर वीस मिनिटांच्या आत, आणि २५ लिटर अर्ध्या तासात. म्हणजे १५ लिटरचा गिझर असला आणि दर दहा-बारा मिनिटांनी एकेक जण बादली घेऊन गेला, तर तो सगळ्यांना पुरतो. मोरी एकच असली तर तेवढं अंतर आपोआप पडतंच.

मग तीन लिटरवाला का मागे पडतो? त्याच्याकडे साठा नाही. वाहतं पाणी तो वाहता वाहता तापवतो. ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गिझरमधून आंघोळीजोगं पाणी मिनिटाला पावणेतीन-तीन लिटर येतं, थंडीत दोन-सव्वादोन लिटर. बादली भरायला सहा ते आठ मिनिटं.

"पण दादा, आमच्याकडे दहा-बारा मिनिटं लागायची," मी म्हटलं.

वायरमन हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मीटर घेऊन आला आणि सॉकेटला लावून दाखवलं. काटा १८० वर! "ताई, गिझर २३० व्होल्टचा, आणि सकाळी सगळ्या आळीचे गिझर एकदम सुरू. व्होल्टेज एवढं पडलं की कॉइलची ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होते."

इतकी वर्षं मी गिझरला आणि स्वतःच्या नशिबाला बोल लावत होते. गावाकडच्या मैत्रिणींनी हे विशेष लक्षात ठेवावं. व्होल्टेज कमी पडत असेल तर साठा असलेलाच गिझर घ्यावा. रात्री उशिरा किंवा पहाटे, व्होल्टेज बरं असताना, तो तापवून ठेवता येतो. वीज गेली तरी चांगल्या आवरणाच्या टाकीत पाणी काही तास गरम राहतं. इन्स्टंट मात्र वीज गेली की संपला.

मोठा गिझर म्हणजे मोठं बिल?

सासरे म्हणाले, "मोठा घेतलास तर बिल मोठं येईल." ही भीती बहुतेक घरांत असते. पण वहीत वेगळंच निघालं. एक बादली आंघोळीचं पाणी तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. मग गिझर लहान असो की मोठा. सहा बादल्यांना रोज सुमारे दोन युनिटं, महिन्याची साठ. आपल्या लाईटबिलावर युनिटचा दर छापलेला असतो, त्याने गुणून पाहा. महिन्याची १०० युनिटं ओलांडली की पुढच्या युनिटांना दर जास्त लागतो, तेही लक्षात असू द्या.

बिल फुगतं ते उधळपट्टीने. माझ्या नणंदेकडे नवरा-बायको दोघंच. लेक परदेशी, पाहुणे वर्षातून एकदा. तिने २५ लिटरचा घेतला, आणि "कधीही लागेल" म्हणून दिवसभर चालू. रोज पंचवीस लिटर तापतं, दोन बादल्या जातात, उरलेलं गार होतं, पुन्हा तापतं. दोघांना १० लिटर, फार तर १५ लिटर पुष्कळ होतं. शिवाय गिझरवरचं ताऱ्यांचं लेबल पाहा. टाकीतल्या पाण्याची उष्णता दिवसभरात किती वाया जाते त्यावर ते तारे दिलेले असतात. जास्त तारे म्हणजे कमी गळती. ताऱ्यांसाठी थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. लिटर मात्र विनाकारण वाढवू नका.

शॉवर घेणाऱ्यांचं गणित निराळं. शॉवरमधून मिनिटाला सहा-आठ लिटर पाणी सहज जातं. पाच मिनिटांत दोन बादल्या. १५ लिटरचा गिझर एकाच माणसात रिकामा! पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी सांगितलेले लिटर आपल्या बादलीच्या घराला लागू पडत नाहीत, आणि आपले त्यांना.

गर्दीचा तास

"घरात माणसं किती?" हा दुकानदाराचा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. खरा प्रश्न असा, की सकाळच्या सगळ्यात गर्दीच्या तासात बादल्या किती?

आमच्याकडे सासूबाई पाचला, सासरे साडेपाचला. त्यांची चिंता नाही. खरी गर्दी सहा ते पावणेसात. मुलगा, मुलगी आणि हे. या वेळी मी त्यात चौथी बादली लिहिली. माझी! एस.टी. आठची असली तरी डबे, नाश्ता उरकायच्या आत आंघोळ व्हायला हवी.

पाऊण तासात चार बादल्या, थंडीत नऊ लिटरप्रमाणे ३६ लिटर कढत पाणी. व्होल्टेज पूर्ण असतं तर १५ लिटरचा गिझर साठा आणि नवीन तापलेलं मिळून ४७ लिटर देतो. म्हणजे सहज पुरला असता. पण १८० व्होल्टला तोच आकडा येतो ३५. एक लिटर कमी! आणि तो एक लिटर कुणाच्या बादलीत कमी पडणार, हे मला गणिताशिवाय ठाऊक होतं. म्हणून २५ लिटरचा घेतला. तोही उभा, शक्य तितक्या उंचावर बसवला, बोर्डही वर नेला. महाडात राहायचं तर पुराची याद ठेवावीच लागते.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा मात्र हिशोबात विचार केला नाही. नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांनाच एकदम पाणी हवं, त्यात पाहुणे. वर्षातल्या त्या एका पहाटेसाठी मोठं धूड कशाला? त्या दिवशी बंब पेटतो. सासूबाईंना तेवढाच आनंद, आणि मुलांना धुराच्या वासाशिवाय दिवाळी वाटतच नाही!

पोलादपूरच्या बैठकीत

आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडच्या गावांत माझं बचत गटांचं काम. तिथली थंडी आमच्या महाडापेक्षा बोचरी. गेल्या हिवाळ्यात तिथल्या बैठकीत मी ही वही वाचली. एक वहिनी म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे गिझर नाय. बादलीत रॉड टाकतो." दुसरीने सांगितलं, पाणी तापलं का पाहायला तिने रॉड चालू असतानाच हात घातला. जबर झटका बसला, भिंतीवर जाऊन आदळली. थोडक्यात वाचली.

रॉड वापरायचाच असेल तर बटण बंद करून, प्लग काढून मगच पाण्याला हात लावा. लोखंडी बादली नको. रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी हवंच, आणि मुलं आसपास नकोत. पण सहा-आठ महिने थोडे थोडे साठवून लहानसा १० लिटरचा गिझर घेता आला तर जिवाची धास्ती पुष्कळ कमी होते. त्या गटातल्या दोघींनी तसं कर्ज घेतलं आणि फेडलंही.

गिझर कुठलाही घ्या, त्याला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, मुख्य बोर्डापासून वेगळी जाड वायर आणि पक्कं अर्थिंग हवंच. झटका बसू लागताच वीज तोडणारा स्विचही वायरमनकडून बसवून घ्या. आयएसआय शिक्का पाहा. टाकीवाल्या गिझरला जादा दाब सोडणारी झडप असते, ती कधी बुजवू नका. थेंब थेंब गळते म्हणून बूच मारणारे महाभाग मी पाहिले आहेत! बोअरचं जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसतात, पाणी तापायला वेळ लागतो. वर्ष-दोन वर्षांनी उघडून साफ करून घ्या.

गॅसचा गिझर लाईट नसतानाही चालतो, म्हणून पुष्कळ जणींना आवडतो. पण तो बंद मोरीच्या आत कधीही नको. जळताना हवा पुरली नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आत आंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. तो मोरीच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवायचा.

सौरबंबाचंही पुष्कळ जणी विचारतात. १०० लिटरचा सौरबंब स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा बादल्यांचं काम करतो, पाच-सहा माणसांना भरपूर. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर सूर्य कुठे असतो, ते मी सांगायला नको! पावसाळ्यासाठी जोडीला विजेची सोय ठेवायला लागते. छप्पर आणि पैसे असतील तर विचार जरूर करावा.

शेवटची बादली

निसर्गाने आमच्या महाडाला गरम पाणी फुकट दिलंय. सावित्रीच्या काठी सव गावात गरम पाण्याचे झरे आहेत, लिटर मोजायची गरजच नाही. आणि घराशेजारी चवदार तळं. त्या तळ्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. दुसऱ्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा तो हक्क प्रत्यक्षात आला. त्यानंतरही कोर्टकचेऱ्या झाल्याच. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७च्या मार्चमध्ये.

माझ्या बादलीची त्या लढ्याशी तुलना करण्याचं पाप मी करणार नाही. कुठे माणूसपणाचा हक्क आणि कुठे सकाळची आंघोळ! पण दर वीस मार्चला तळ्यावर लोटणारा जनसागर दारातून पाहताना एक गोष्ट मनात येते. "तुलाही आहे की पाणी" असं नुसतं म्हटलं म्हणजे ते मिळालं असं होत नाही. मोजणीत आपलं नाव असावं लागतं.

आता आमच्या मोरीत सहा बादल्या धरलेल्या आहेत. आणि एक सातवीही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी जानेवारीत गारठलेल्या पाण्यात हात घालायच्या, ते वर्षानुवर्षं मला दिसत होतं आणि दिसत नव्हतंही. स्वतःची बादली मोजल्यावर त्यांचीही दिसली. हिवाळ्यात त्यांच्यासाठी अर्धी बादली कढत पाणी आधी काढून ठेवते. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "कशाला वहिनी, मला सवय हाय." हेच वाक्य मीही किती वर्षं म्हणत होते!

तर मैत्रिणींनो, गिझर घ्यायला जायच्या आदल्या दिवशी वही घ्या. गर्दीच्या तासात कोण कधी आंघोळीला जातं ते लिहा. थंडीतला महिना धरा. सकाळचं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या. एका बादलीला नऊ लिटर कढत पाणी, हा आकडा पाठ करा. आणि यादी पूर्ण झाली असं वाटलं की पुन्हा एकदा वरपासून वाचा.

आपलं नाव राहिलं नाही ना?